पाहुण्याच्या देशचं मटण

तोआकासेला आदर वाटावा अशी माणसं गावात फारशी उरली नव्हती. होती ती बहुतेक चर्चमागच्या वाळूखाली झोपलेली. जिवंतांचा तिनं एकेक करून निकाल लावून टाकला होता. पाद्री म्हणजे लोकांच्या डुकरांवर पोसलेला आयतोबा. गावचा सरदार राहणार शहरात, आणि कंद निघायला लागले की बरोब्बर त्याला गावाची माया यायची. आरोग्यकेंद्रातली नर्स लेसिएली म्हणजे कालची पोर. स्वतःचं नाक पुसायला शिकली नाही तोवर म्हाताऱ्यांना जेवायला शिकवायला निघाली. आणि भाचा फेआओ, धाकट्या भावाचा थोरला मुलगा, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको.

पण बोलल्याशिवाय राहील ती तोआकासे कसली. फेआओ ऑकलंडला चार वर्षं राहून आला होता. तिथं तो एका गोदामात खोकी उचलायचा हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं; पण परत आला तो असा, की गोदाम जणू याच्या बापाचं. लुंगीवर टाय. आभाळ भरून आलेलं असलं तरी डोळ्यांवर काळा चष्मा. आणि तोंडात एकच पालुपद, आमच्याकडे न्यूझीलंडला असं नसतं. तोआकासेनं त्याला एकदा विचारलं होतं, की तू इकडं आलास, मग तुमच्या न्यूझीलंडचं आता कसं रे चालतं? फेआओनं मान खाली घातली. घालणारच. बापाच्या थोरल्या बहिणीपुढं मान वर करायची नसते. आत्यानं मागितलं ते द्यायचं, म्हटलं ते ऐकायचं, आणि ती बसली असेल तर तिला ऊठ म्हणायचं नाही. सरदाराच्या पोरालाही यातून सुटका नाही, मग फेआओची काय कथा.

तर हा फेआओ एक दिवस सांगत आला, की टेंपलटनसाहेब येणार.

टेंपलटन म्हणजे न्यूझीलंडचा मटणवाला. बेटावर सिपी येते ना, मेंढीच्या पोटाकडच्या त्या चरबीनं भरलेल्या पट्ट्या, गोठवून खोक्यांत बंद केलेल्या, त्या पाठवणाऱ्या एका कंपनीचा माणूस. मयत असो, बारसं असो, पाद्र्याचा वाढदिवस असो, सिपीचं खोकं नेलं नाही तर लोक तोंडावर गोड बोलतात आणि पाठ वळली की नावं ठेवतात. इतका खप पाहून टेंपलटनला आता इथंच स्वतःचं शीतगृह बांधायचं होतं. जागाही त्यानं हेरली होती. मोठ्या रस्त्याला लागून, बंदराकडं तोंड केलेली हालोतीची आठ एकर. तीस वर्षांचा भाडेपट्टा. हालोतीनं सही केली की काम फत्ते.

हालोती हा फेआओचा बाप, तोआकासेचा पाठचा भाऊ. त्याच्या त्या आठ एकरांत काहोकाहो पिकायचा. कंदांमधला राजा. राजवाड्यात पाठवायचा तर हाच, बाकीचे कंद पोट भरायला. बियाणं आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं, आणि पोरवयात तोआकासेनं ते पाठीवर टोपली बांधून वाहिलेलं. पण जमीन लागते पुरुषांच्या नावावर. बायकांना मान मिळतो. मान पेरून काही उगवत नाही, असं तोआकासेनं जमिनीच्या कचेरीत जाऊन सुनावलं होतं. तिथले बाबू मान डोलावून परत चहात बिस्कीट बुडवायला लागले.

फेआओचं म्हणणं असं, की शीतगृहात येताना मटण येईल आणि जाताना गावाचे कंद न्यूझीलंडला जातील. तिथं आपली इतकी माणसं आहेत, ती कंदांसाठी जीव टाकतात. त्यांचं आपण खाऊ, आपलं ते खातील. याला व्यापार म्हणतात आत्या, असं तो चष्मा पुसत म्हणाला.

व्यापार कशाला म्हणतात ते तोआकासेनं गेल्या साली पाहिलं होतं. गावानं मिळून एक कंटेनर भरून कंद पाठवले होते. बायकांनी आठवडाभर बसून एकेक कंद दात घासायच्या ब्रशनं घासला, कारण तिकडच्या लोकांना आपली माती चालत नाही. तिकडच्या बंदरावर कंटेनर उघडला, तर आत नखाएवढी एक गोगलगाय निघाली. एक. सगळे कंद खड्डा खणून पुरले आणि वर गावाला पत्र धाडलं. तोआकासेनं पत्र ऐकून घेतलं आणि म्हणाली, माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेला देश, आणि घाबरतो कुणाला, तर गोगलगाईला. त्यांचं मटण आपल्या धक्क्यावर उतरतं तेव्हा मात्र कुणी खोकं उघडून बघत नाही. मोठ्या देशानं पाठवलंय ना, मग गोड मानून घ्यायचं.

तरीही या वेळी ती गप्प बसली होती. कारण हालोतीचा डावा पाय. साखरेच्या आजारानं तो दोन वर्षांपूर्वी घोट्याच्या वरून कापावा लागला होता. त्यानंतरही हालोती गुडघ्यांवर सरकत सरकत पेरणी करायचा, पण असं किती दिवस चालणार? आणि मागं कोण, तर फेआओ. कुदळीचं पातं कुठल्या टोकाला असतं हे ज्याला शोधावं लागेल असा शेतकरी. निदान शीतगृहामुळं बाकीच्यांचे कंद तरी मार्गी लागतील, असं मनाशी म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले होते. आजोबांची माती सिमेंटखाली जाणार हे तिला सलायचं, पण ते ती कुणाला दाखवणार थोडीच.

भाऊ-बहिणीचं आपल्याकडं कसं असतं ते वेगळं सांगायला नको. कळतं वय झालं की दोघं एका छपराखाली बसत नाहीत, एकमेकांसमोर थट्टामस्करी करत नाहीत, हसतसुद्धा नाहीत. जे काही असतं ते ताटांतून ये-जा करतं. कंद निघाले की हालोती पहिला, सगळ्यांत मोठा वाटा बहिणीकडं पाठवायचा. आणि दर रविवारी प्रार्थना झाली की तोआकासेच्या घरून भावाकडं झाकलेलं ताट जायचं. अळूच्या पानांत गुंडाळून, नारळाच्या दुधात घालून जमिनीतल्या भट्टीत शिजवलेली सिपी. त्यातल्या सगळ्यांत चरबीदार पट्ट्या ती वेचून भावाला ठेवायची आणि स्वतः पानं खायची. भावानं पाठवलेले कंद ती बाजारात विकायची आणि त्यातून सिपीचं खोकं आणायची. हालोतीच्या घरी कंदांचा ढीग, त्याला आणखी कंद काय द्यायचे? आजारी माणसाला काही लांबचं, भारीचं, बाजारातून आणलेलं द्यावं, असा तिचा हिशोब. अकरा वर्षं तिनं हा नेम मोडला नव्हता.

नर्स लेसिएली एकदा तिच्या दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, आजी, ते ताट बंद करा, ते मटण म्हणजे त्यांना विष आहे. तोआकासेनं तिला पायरीही चढू दिली नाही. विष असतं तर साहेबलोक ते खाऊन असे माडासारखे कसे वाढले, असा तिचा सवाल. लेसिएली काही तरी बोलणार होती. तोआकासेनं तिच्या तोंडावर चटई झटकली.

टेंपलटन यायचा दिवस ठरला तेव्हा हालोतीची बायको पिसिला विचारायला आली, की डुक्कर कुठलं भाजायचं. पिसिला बिचारी गरीब स्वभावाची. तोआकासेच्या मते, गरीब स्वभाव म्हणजे आळसाचं दुसरं नाव. तिनं सांगितलं, डुक्कर नको.

"त्याला आपलं डुक्कर घालून काय करतेस? माणूस घरापासून लांब आला की त्याला घरचं आठवतं. आपली पोरं ऑकलंडला अळूच्या पानासाठी रडतात की नाही? मग याच्यापुढं याच्या देशचं ठेवायला नको? सिपी करायची. भरपूर करायची. त्याला वाटलं पाहिजे, की बेटावरची माणसं आपल्या देशाची कदर करतात."

पिसिलानं मान डोलावली. गावातल्या बायकांनीही डोलावली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. आणि वाटावं तरी का? दुकानातून आणलेली, जहाजातून आलेली वस्तू ही घरच्यापेक्षा मोठी, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. तोआकासेनं या हंगामाचे सगळे कंद विकून बारा खोकी आणली. चार फोडून भट्टीत लावली. आठ न फोडता, झाडाच्या सालीच्या नक्षीदार कापडावर एकावर एक रचून, पाहुण्याच्या बैठकीसमोर मांडली. मानाची भेट. पिसिलानं आपल्या मनानं थोडे काहोकाहो उकडले होते, कोपऱ्यात ठेवायला. असू देत, तोआकासे म्हणाली, भर म्हणून.

गुरुवारी दुपारी टेंपलटन हालोतीच्या घरी आला. साठीचा, मानेवर लाल, गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेला आणि त्यावर अर्धी चड्डी. खाली चटईवर बसताना घडी न होणाऱ्या खुर्चीसारखा कुठंकुठं अडला. बसल्या बसल्या त्यानं सात वेळा आभार मानले, सगळे बेटावरच्या भाषेत, सगळे चुकीच्या ठिकाणी. शेजारी फेआओ, टाय आवळून, हातात भाडेपट्ट्याचा कागद. हालोती काही बैठकीत नव्हता. बहीण पुढच्या घरात असताना तो तिथं कसा बसेल? तो मागच्या अंगणातल्या कुडाच्या झोपडीत, कुबडी भिंतीला टेकवून बसला होता. जेवणं झाली की फेआओनं कागद त्याच्याकडं न्यायचा आणि सही आणायची, असं ठरलं होतं. तोआकासे बैठकीच्या वरच्या टोकाला, मानाच्या प्रसंगी बांधतात ती आपली जुनी चटई कमरेला बांधून, पंख्यानं वारा घेत होती.

ताटं आली. वाफा आल्या. बायकांनी गाणं म्हटलं. टेंपलटननं अळूचं पान काट्यानं उघडलं, आत तुपासारखं साचलेलं पाहिलं, आणि मेलेल्याच्या तोंडावर चादर ओढावी तसं पान परत मिटलं. मग त्यानं कोपऱ्यातला काहोकाहो घेतला. खाल्ला. भुवया उंचावल्या. आणखी घेतला. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः हात लांब करून ताटली पुढं ओढली.

तोआकासेचं लक्ष होतं. पाहुणा मानाचं सोडून भर टाकलेलं खातोय, याचा तिला आधी रागच आला. गाढवाला गुळाची चव काय, असंच तिला वाटलं. पण यजमानीण म्हणून विचारणं भाग होतं.

"विचार त्याला, मीठ कमी पडलं का?" ती फेआओला म्हणाली.

फेआओनं इंग्रजीत विचारलं. टेंपलटन मोकळेपणानं हसला. आता, तोआकासे मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळेत सात वर्षं शिकली होती आणि तिला इंग्रजी चांगलं येत होतं. पण ज्याला आपली भाषा शिकायची गरज वाटत नाही, त्याची भाषा आपण बोलायची म्हणजे त्याच्या पायांना तेल चोळणं, असं तिचं मत असल्यामुळं ती ते कुणाला कळू देत नसे.

"छे छे, उत्तम शिजलंय," टेंपलटन म्हणाला. "पण खरं सांगू का, आमच्याकडे हे कुणी खात नाही. कुत्र्यांच्या डब्यांत भरतात. आमच्या घरचं कुत्रं खायचं पूर्वी. मागच्या वर्षी त्याला साखर निघाली, तर त्याच्या डॉक्टरनं बंद करायला लावलं. बायकोनं ऐकलं त्याचं. आता काय विचारता, चारही पायांवर पळत असतं."

फेआओही हसला. साहेबाच्या विनोदाला हसायचं, हे त्याला गोदामात शिकवलेलं. मग आत्याकडं वळून अदबीनं म्हणाला, "साहेब म्हणतात, पोट भरलं."

तोआकासेचा पंखा थांबला.

कुत्र्याला डॉक्टर. डॉक्टरनं सांगितलं, आणि घरच्या बाईनं ऐकलं. कुत्र्याच्या घरातली बाई शहाणी निघाली. इथंही एक पोर सांगायला आली होती, पायरीवर उभी राहून, आणि तिच्या तोंडावर चटई झटकली गेली. मागच्या झोपडीतून कुबडी जमिनीवर पडल्याचा आवाज आला, मग ती उचलल्याचा. भिंत कुडाची, सगळं ऐकू जातं. हालोतीला इंग्रजी येत होतं का? येत होतं. त्यालाही त्याच मिशनऱ्यांनी शिकवलं होतं.

"फेआओ," ती म्हणाली, "तुझ्या हातात काय आहे?"

"कागद आहे, आत्या. जमिनीचा. बाबांची सही—"

"दे."

फेआओचा हात आपोआप पुढं झाला. तिनं कागद घेतला, त्याकडं बघितलंही नाही, मांडीखाली चटईवर पसरला आणि त्यावर नीट बसली. पंखा परत सुरू झाला.

टेंपलटन थोडा वेळ अदबीनं थांबला. मग फेआओच्या कानाशी लागला.

"वाचणार आहेत का त्या?"

"नाही. बसल्यात."

"ते दिसतंय मला. उठणार कधी?"

"ते कसं सांगणार, साहेब."

"मग सांग ना त्यांना उठायला. माझं विमान आहे सकाळी."

"मला तसं नाही सांगता येत. वडिलांची बहीण आहे माझ्या."

"तर वडिलांना सांगायला लाव."

"त्यांना तर मुळीच नाही येत."

"मग या घरात त्यांना ऊठ म्हणू शकतं तरी कोण?"

फेआओनं मनापासून विचार केला. टायची गाठ सैल केली.

"त्यांची आत्या," तो म्हणाला. "त्या वारल्या."

गाणाऱ्या बायकांपैकी एकीला खोकला आला आणि ती बाहेर गेली. टेंपलटननं तोआकासेकडं पाहिलं, लहान मुलाची समजूत घालताना हसतात तसा हसला, आणि फेआओला हळूच म्हणाला, की काही हरकत नाही, छापायला काय, दुसरा कागद हॉटेलवर आहे, म्हातारी माणसं असायचीच अशी.

तेव्हा तोआकासे इंग्रजीत बोलली. जुन्या, शाळेतल्या, इस्त्री केलेल्या इंग्रजीत.

"टेंपलटनसाहेब, आमच्याकडे एक रीत आहे. पाहुण्यापुढं मांडलेलं पुन्हा घरात जात नाही. ते त्याचं. हे सगळं तुमचं आहे."

टेंपलटनच्या मानेचा लाल रंग कानांपर्यंत चढला.

"तुम्हाला... बाई, मी काही वाईट अर्थानं नाही म्हणालो—"

"कुत्र्याला चालत नसेल तर शेजाऱ्याच्या कुत्र्याला द्या," ती म्हणाली. "फक्त तुमच्या बंदरावर उतरताना नीट बघून घ्या. आत एखादी गोगलगाय निघायची."

तिनं बायकांना नुसती मान हलवून खूण केली. बायका उठल्या. आठ खोकी, कापडासकट. शिजलेल्या पानांच्या पुड्या, ठिबकत्या, टोपल्यांत भरून. टेंपलटननं भाड्यानं आणलेली पांढरी गाडी दारात उभी होती. डिकी भरली. मागची सीट भरली. पुढं त्याच्या शेजारच्या सीटवर दोन टोपल्या बसवल्या. डिसेंबर म्हणजे इथं भर उन्हाळा, खोक्यांवरचं बर्फ वितळून पाणी दारातून गळायला लागलं होतं. टेंपलटन नको नको म्हणत होता. पण इथं मोठ्या भेटीला नको म्हणायची पद्धत नाही, आणि ते फेआओलाच त्याला समजावून सांगावं लागलं. फेआओ गाडीच्या टपावर हात ठेवून मान खाली घालून उभा होता. शेवटी आत बसायला जागाच नाही म्हणून तो गाडीमागून शहराकडं पायी निघाला, काळा चष्मा खिशात घालून. बघा, चार वर्षं परदेशात राहून आलेला माणूस, निघाला मटणाच्या गाडीमागं चालत.

अंगण रिकामं झालं. तोआकासेनं कागद उचलून कमरेच्या चटईत खोचला आणि मागं गेली. झोपडीच्या भिंतीला पाठ लावून, बाहेरच्या अंगाला, कागद खाली घालून त्यावर बसली. आत हालोती होता. मध्ये कुडाची भिंत. इतकं जवळ ती दोघं चाळीस वर्षांत बसली नव्हती.

"हालोती."

"जी, अक्का."

"कुत्र्याचं ऐकलंस?"

"ऐकलं."

"लेसिएली तुलाही सांगायची?"

"दर महिन्याला."

"मग खात का होतास?"

"ताट तुमच्याकडून यायचं," हालोती म्हणाला. "बहिणीचं ताट कसं परत पाठवू?"

"आवडायचं तरी का?"

"नाही अक्का. पहिल्या रविवारपासून नाही. पोटात ढवळायचं."

तोआकासेनं भिंतीला डोकं टेकवलं. पाद्री, सरदार, नर्स, भाचा, साहेब, सगळ्यांचा निकाल लावून झाला होता. एकच बाई राहून गेली होती, आणि तिचा निकाल लावायला मुळीच वेळ लागला नाही. मूर्ख. आपल्या हातानं, आपल्या मानाच्या तोऱ्यात, भावाचा पाय खाल्ला. हे तिनं मनात म्हटलं आणि मग मोठ्यानंही म्हटलं.

"तसं म्हणू नका," हालोती म्हणाला. मग अवघडून, "माझे कंद तरी चांगले लागायचे ना? पहिला निघायचा तो तुमच्यासाठी काढून ठेवायचो मी. मोठ्यातला मोठा. पाय गेल्यावरही."

आता काय सांगायचं? खोटं बोलायची तिला सवय नव्हती; दुसऱ्याचं खोटं उघडं पाडण्यात तिचा जन्म गेला होता.

"विकायचे मी ते," ती म्हणाली. "तुझं मटण आणायला."

"सगळे?"

"सगळे. अकरा वर्षांत एक तुकडा तोंडात घातला नाही."

आत हालोती हसला. आधी नाकातून, मग आवरेना तसा पोटातून, कुबडी पुन्हा खाली पडेपर्यंत. बहिणीच्या कानावर भावाचं हसणं पडायचं नसतं. पोरवयानंतर तिनं ते ऐकलंच नव्हतं. बदललं नव्हतं ते, तसंच होतं, कोंबडीमागं धावणाऱ्या पोराचं. तोआकासेचे डोळे भरून आले आणि तिनं ते कमरेच्या चटईच्या टोकाला पुसले, कुणी बघत नाही याची खात्री करून.

"हसतोस काय," ती म्हणाली. "जमिनीचं बोल. सही करायची होती ना तुला?"

"करायची होती. फेआओ म्हणाला म्हणून."

"मग?"

"मग काय. कागद तुमच्याखाली आहे. मी कसा मागणार?"

"दुसरा आहे त्याच्याकडं, हॉटेलात."

"तोही तुम्ही मागून घ्याल," हालोती म्हणाला. "आणि त्याच्यावर बसाल."

पिसिला भट्टीच्या उबेला राहिलेला काहोकाहो घेऊन आली, साहेबानं तीनदा घेतला तोच. आपण कुठं उभं राहावं हे न कळून ती मध्येच थांबली. तोआकासेनं तिच्या हातातून कंद घेतला, मोडून दोन तुकडे केले, आणि एक भिंतीखालच्या फटीतून आत सरकवला.

"खा."

तुकडा आतून कुणी उचलला नाही.

"आधी तुम्ही," हालोती म्हणाला.

भावानं बहिणीला असं सांगायचं नसतं. पिसिलानं तोंडावर हात ठेवला. तोआकासेनं भिंतीकडं बघितलं, जसं काही तिच्यातून आरपार दिसत होतं, आणि दुसरा तुकडा तोंडात घातला. तो अजून गरम होता, जीभ भाजली.

"बरा आहे," ती म्हणाली, आणि आतून चावण्याचा आवाज येईपर्यंत तिथंच बसून राहिली.